शिरोड्याचे मास्तर : वि. स. खांडेकर

सांगली आणि मिरज ह्या दोन गावांमध्ये अंतर अवघे सहा मैलांचे. माधवनगरच्या पेठेतून निघालेल्या माणसाला सकाळी सांगलीचा बाजार करून, दुपारी मिरजेच्या दवाखान्यात आजाऱ्याची विचारपूस करून दिवेलागणीच्या आत घरी परतता येते. विष्णु सखाराम खांडेकर ह्यांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीस झाला आणि २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. जन्म आणि मृत्यू ह्यांमध्ये एवढेच सहा मैल. परंतु ज्या लेखनामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेर तामिळनाडूपर्यंत आणि गुजरातपर्यंत पोहोचले, त्याचा आरंभ ह्या कृष्णाकाठी झाला नाही. तो घाटाखाली, गोव्याच्या सरहद्दीलगतच्या एका समुद्रकाठच्या खेड्यात झाला. त्या खेड्यात ते कादंबरीकार म्हणून गेले नव्हते. इंग्रजी शाळेतील मास्तर म्हणून गेले होते. आणि खांडेकरांच्या कादंबऱ्यांत जे काही मोठे आहे, तसेच जे काही खटकते, त्या दोहोंचाही उगम त्या शाळेतच शोधावा लागतो.

त्यांचे जन्मनाव गणेश आत्माराम. वडील सांगली संस्थानात मुन्सफ होते. मुलाच्या विद्यार्थिदशेतच ते निवर्तले. सांगली म्हणजे मराठी नाटकाचे माहेर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिला खेळ केला तो येथेच, आणि ‘शारदा’कार देवल तर जवळच्या हरिपूरचे. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला नाटकाचे वेड लागले नसते तरच नवल. १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा उतरून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. तेथे त्यांना राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या लेखनाचा प्रभाव मनावर होताच. कोट्या, कल्पना आणि अलंकार ह्यांचा जो छंद खांडेकरांना पुढे कित्येक वर्षे सुटला नाही, त्याची दीक्षा ह्या दोन गुरूंकडून मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.

पण कॉलेज पुरे व्हावयाचे नव्हते. घरच्या अडचणींतून दत्तकविधान झाले, आणि चुलते सखाराम खांडेकर ह्यांच्या घरी जाऊन गणेश आत्माराम हे विष्णु सखाराम झाले. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास आपले नाव, बापाचे नाव आणि गाव ही तिन्ही बदलणे म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्याची त्यानेच करावी. घाटावरच्या सांगलीतून ते सावंतवाडीकडील कोकणात आले. पदवी राहिली ती कायमचीच. आयुष्याच्या अखेरीस, १९७६ साली, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली खरी; पण बी. ए. ची परीक्षा द्यावयाची राहिली ती राहिलीच.

१९२० च्या एप्रिलमध्ये ते शिरोडे येथील ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. शिरोडे हे वेंगुर्ले तालुक्यातील गाव. तो मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस मिठागरे, मध्ये माडांच्या बागा, आणि पलीकडे पोर्तुगिजांचा अंमल असलेला गोवा. अशा ठिकाणी इंग्रजी शाळा चालविणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सहज उमगणार नाही. एकाच मास्तराने सकाळी व्याकरण शिकवावे, दुपारी इतिहास शिकवावा, संध्याकाळी गावकऱ्यांच्या ओसरीवर बसून वर्गणीची बोलणी करावी, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वह्या तपासाव्यात. मिठागरावर राबणाऱ्याचा आणि खोताच्या कुळाचा मुलगा शेजारी शेजारी बसलेला. त्यांतला एखादा हुशार मुलगा फी भरता येत नाही म्हणून आषाढात नाहीसा होतो, आणि त्याची जागा रिकामी दिसत राहते. शहरी लेखक गरिबी पाहतो ती रस्त्यावर. मास्तराला ती हजेरीपटात दिसते, नावानिशी.

ह्या गावी खांडेकरांनी अठरा वर्षे काढली. १९२९ साली विवाह झाला तोही येथे असतानाच. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा महाराष्ट्रातील सत्याग्रहाचे एक प्रमुख ठाणे शिरोडे हेच होते. ज्या मिठागरांच्या कडेने शाळेची मुले रोज जात, तेथे देशाचे राजकारण चालून आले. त्याच १९३० साली त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली. लेखकाचे वय बत्तीस. तोवर ‘कुमार’ ह्या नावाने केलेल्या कविता, विनोदी लेख, टीका आणि लघुकथा एवढी पूंजी गाठी होती. पुढच्याच वर्षी ‘कांचनमृग’ आली. १९३४ साली ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’. १९३८ साली ‘हिरवा चाफा’ आणि ‘दोन मने’. वर्षाचे दहा महिने शाळा आणि उरलेल्या फटीत कादंबरी, असा हा संसार होता.

त्या काळी मराठी कादंबरी कोठे उभी होती हे ध्यानात घेतले पाहिजे. हरि नारायण आपट्यांनी मध्यमवर्गीय घराच्या माजघरात दिवा नेला होता. वामन मल्हार जोशांनी ‘रागिणी’पासून कादंबरीत विचारांची चर्चा आणली होती. आणि १९३० च्या सुमारास तरुण वाचकांच्या हाती होत्या त्या प्राध्यापक ना. सी. फडके ह्यांच्या कादंबऱ्या : रेखीव, खेळकर, प्रेमकथेच्या पायऱ्या मोजून बांधलेल्या. फडके म्हणत, कला ही कलेसाठी. वाचकाचे मन रिझविणे एवढेच तिचे काम. खांडेकर म्हणत, कला ही जीवनासाठी. जी कला दुःखी माणसाकडे पाठ फिरवते तिचे सौंदर्य अपुरे. ह्या वादाने दोन पिढ्यांच्या वक्तृत्वसभा गाजविल्या. १९३८ नंतर दोघेही एकाच कोल्हापुरात राहत होते, आणि माधवनगर-सांगलीकडील वाचनालयांचे सभासद दोघांचीही पुस्तके एकाच पिशवीतून घरी नेत, हा त्यातला मौजेचा भाग. वाचकाला दोन्ही हवे होते.

खांडेकरांचे नायक व नायिका ही स्वप्ने पाहणारी माणसे असतात. त्यांना गांधींच्या वाटेने जावयाचे असते, मार्क्सचा सवालही टाळावयाचा नसतो, आणि ह्या दोहोंच्या मध्ये प्रेमाचे, घराचे, आईबापांचे पाश ओढीत असतात. श्रीमंत आणि दरिद्री हे समाजाचे दोन ध्रुव एकत्र कसे यावयाचे, हा ‘दोन ध्रुव’चा प्रश्न तिच्या नावातच उभा आहे. नावांचे हे प्रकरण मोठे लक्षणीय आहे. ‘उल्का’, ‘हिरवा चाफा’, ‘रिकामा देव्हारा’, ‘पांढरे ढग’, ‘जळलेला मोहर’, ‘क्रौंचवध’, ‘अश्रू’, ‘अमृतवेल’ : बहुतेक प्रत्येक नाव हा एक दृष्टांत आहे. कांचनमृग आणि क्रौंच हे तर सरळ रामायणातून आलेले. वर्गात चाळीस मुले असतात. पहिल्या बाकावरच्याला एका वाक्यात कळते, शेवटच्या बाकावरच्याला कळत नाही. म्हणून मास्तर आधी सिद्धान्त सांगतो, मग दाखला देतो, मग एखादी उपमा देतो, आणि तरी शंका राहिली तर पुन्हा सांगतो. खांडेकरांची कादंबरी नेमकी अशीच लिहिलेली आहे. चंद्र उगवला एवढेच सांगावयाचे असले, तरी तो कोणासारखा उगवला हे सांगितल्यावाचून त्यांची लेखणी पुढे सरकत नाही. पात्रे बोलू लागली की त्यांच्या बोलण्यात सुभाषिते येतात, आणि शिकलेले पात्र असो वा अडाणी, सुभाषिताची घडण एकाच हातची दिसते.

टीकाकारांनी ह्यावर त्यांना सोडले नाही. कृत्रिम, भावविवश, उपदेशखोर अशी विशेषणे त्यांच्या वाट्यास भरपूर आली. ती सर्वथा खोटी नव्हती. पण एक गोष्ट टीकाकारांना दिसत नव्हती, ती वाचकांना दिसत होती. हा लेखक शेवटच्या बाकावरच्या मुलाला सोडून पुढे जावयास तयार नव्हता. ज्या घरात खांडेकरांच्या आधी कादंबरी शिरली नव्हती, जेथे चौथी-पाचवीपर्यंत शिकलेली गृहिणी दुपारी दोन पाने वाचीत असे, तेथे ही कादंबरी गेली आणि राहिली. तिच्यातील वाक्ये मुलींनी वह्यांत उतरून घेतली. निबंधाच्या वह्यांत त्या वाक्यांची गर्दी होऊन पुढच्या पिढीतील मास्तरांना त्रास झाला ही गोष्ट वेगळी.

१९३८ साली त्यांनी शिरोडे सोडले आणि कोल्हापूरची वाट धरली. कारण चित्रपट. त्याआधीच, १९३६ साली, मास्टर विनायकांनी त्यांच्या कथेवर हंस पिक्चर्सतर्फे ‘छाया’ काढला होता. पुढे ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ हे बोलपट आले. चित्रपटाने त्यांना वर्गाहून मोठा वर्ग दिला, इतकेच. पडद्यावरही ते गरीब माणसाच्या अब्रूची गोष्ट सांगत राहिले. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. पुढल्या वर्षी ‘क्रौंचवध’ निघाली. आता हा लेखक दरसाल एक कादंबरी देत राहणार असे कोणासही वाटले असते.

तसे झाले नाही. ‘क्रौंचवध’ १९४२ ची, आणि पुढची कादंबरी ‘अश्रू’ १९५४ ची. मध्ये बारा वर्षे गेली. ह्या काळात ते रिकामे बसले नव्हते. कथा, रूपककथा, निबंध, प्रस्तावना हे चालू होते. पण कादंबरी नाही. ही बारा वर्षे कोणती होती हे आठवावे. महायुद्ध, बेचाळीसची चळवळ, स्वातंत्र्य, फाळणी, गांधीजींची हत्या. ज्या स्वप्नांवर शिरोड्याच्या कादंबऱ्या उभ्या होत्या, त्यांतले एक मोठे स्वप्न पुरे झाले होते. आणि पुरे झाल्यावर माणूस जो होता तोच राहिला होता. पाठोपाठ काळा बाजार आला, वशिला आला, सुखाची घाई आली. ज्याने आयुष्यभर त्यागाचा धडा शिकविला, त्याने अशा वेळी काय लिहावे? तोच धडा पुन्हा मोठ्याने वाचावा, की गप्प बसावे? ‘अश्रू’मध्ये त्यांनी पुन्हा एका शाळामास्तरालाच नायक केले. सचोटीने जगू पाहणारा मध्यमवर्गीय शिक्षक आणि त्याच्याभोवती बदललेले जग. कादंबरी हृद्य आहे, पण ती प्रश्न मांडून थांबते. उत्तर शोधावयास त्यांना फार मागे, महाभारताच्या आदिपर्वापर्यंत जावे लागले.

‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. मूळ कथा सर्वांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांची कन्या देवयानी आणि असुरराजाची कन्या शर्मिष्ठा ह्यांचे भांडण होते. शर्मिष्ठा देवयानीस विहिरीत लोटते. ययाती राजा तिला हात देऊन वर काढतो. पुढे देवयानी राणी होते, शर्मिष्ठा तिची दासी. राजाचे शर्मिष्ठेशी गुप्तपणे जमते, शुक्राचार्यांच्या शापाने त्यास अकाली जरा येते, आणि धाकटा मुलगा पुरू आपले तारुण्य बापाला देतो. महाभारतातला ययाती ते तारुण्य हजार वर्षे भोगतो आणि मग शहाणा होतो. खांडेकरांच्या पुस्तकात त्या हजार वर्षांना जागा नाही. त्यांना भोगाचा काळ मोजावयाचा नव्हता. भोगाकडे माणूस का धावतो हे पाहावयाचे होते.

त्यासाठी त्यांनी कथेत मोठे फेरफार केले. ययातीला त्यांनी बालपण दिले, आणि त्या बालपणात भीती पेरली. त्याचा बाप नहुष इंद्रपदापर्यंत चढून शापाने खाली आलेला. त्या नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत हा शाप मुलाच्या कानांवर पडतो. वडील भाऊ यती सुखाला भिऊन रानात पळतो, देहाचा द्वेष करतो, आणि अखेर माणुसकीलाच पारखा होतो. धाकटा दुःखाला भिऊन सुखामागे लागतो. दोघेही पळतच असतात. दिशा तेवढ्या वेगळ्या. आणि महाभारतात संजीवनी घेऊन जो कच निघून जातो, त्याला खांडेकरांनी परत बोलाविले. देवयानीवर प्रेम असूनही कर्तव्यासाठी दूर झालेला, न पळणारा, असा हा तिसरा माणूस आहे.

पण ह्या कादंबरीची खरी शक्ती तिच्या सांगण्याच्या रीतीत आहे. ती लेखक सांगत नाही. ययाती स्वतः सांगतो, शर्मिष्ठा सांगते, देवयानी सांगते. प्रत्येकाचे आत्मकथन आळीपाळीने येते. अठरा वर्षे फळ्याजवळ उभा राहिलेला मास्तर येथे प्रथमच खुर्चीवर बसला आहे, आणि वर्गातला सर्वांत वाया गेलेला मुलगा उभा राहून बोलतो आहे. मास्तर त्याला मधून तोडीत नाहीत. ययाती आपल्या मोहाचे समर्थन करतो, ते वाचकाला पटू लागते, आणि आपल्याला ते पटते आहे हे ध्यानात येऊन वाचक दचकतो. कितीही व्याख्याने देऊन हा परिणाम साधता आला नसता. देवयानीचा अहंकारही तिच्याच तोंडून आल्यामुळे तिची दया येते. सर्वांत सुंदर आहे ती शर्मिष्ठा. राजकन्या असून दासी झालेली, दिले ते घेणारी आणि मागितले नाही तरी देणारी ही स्त्री अलंकारांवाचून बोलते तेव्हा ‘उल्का’च्या काळचे खांडेकर आणि हे खांडेकर ह्यांमधील पंचवीस वर्षांची वाट दिसते.

जुना मास्तर पुरता गेला मात्र नाही. कचाची पत्रे आणि भाषणे आली की तो पुन्हा खडू हाती घेतो, आणि काही पाने लांबतात. ज्याला ‘ययाति’ हे निर्दोष पुस्तक वाटते त्याने ती पाने पुन्हा वाचून पाहावीत. तथापि, कादंबरीकाराने आपल्याच उपदेशावर अविश्वास दाखवावा आणि भोगी माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात न उभा करता ओसरीवर बसवून बोलते करावे, एवढे धैर्य साठीच्या लेखकात क्वचितच असते.

पुस्तकाचे भाग्य थोर ठरले. १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कारही ह्याच कादंबरीसाठी. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. दरम्यान १९६८ साली पद्मभूषण झाले होते. परंतु पुरस्कारांहून विलक्षण गोष्ट म्हणजे तामिळ वाचकांचे प्रेम. का. श्री. श्री. ह्यांच्या अनुवादांमुळे खांडेकरांच्या कादंबऱ्या तामिळमध्ये इतक्या रुळल्या की तेथील घराघरांत हा लेखक आपल्यातलाच मानला गेला. उपमा आणि सुभाषिते ह्यांचा जो भार मराठी टीकाकारांस सोसवेना, तो दुसऱ्या भाषेत गेल्यावर बराचसा गळून पडला असेल, आणि खाली राहिला असेल तो माणसाविषयीचा कळवळा. अनुवाद कधी कधी मूळ लेखकावर असा उपकार करतो.

‘अमृतवेल’ १९६७ साली आली. त्यानंतर दृष्टी मंदावत गेली, आणि अखेरच्या वर्षांत ती पूर्णपणे गेली. ज्याने जन्मभर चंद्र, फुले, ढग आणि मोहर ह्यांच्याखेरीज एक परिच्छेद लिहिला नाही, त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला. लिहिणे थांबले नाही. ते सांगत, दुसरे कोणी उतरून घेई. हातात लेखणी नसली तरी मास्तराला मजकूर सांगण्याची सवय असतेच. शिरोड्याला अठरा वर्षे शुद्धलेखन घातलेले होते. त्यांच्या आत्मकथेचे पुस्तक ‘एका पानाची कहाणी’ निघाले ते त्यांच्या पश्चात, १९८१ साली.

शिवाजी विद्यापीठात त्यांच्या नावाचे स्मृतिसंग्रहालय आहे, आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९८ साली, टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीटही काढले. १९७६ च्या भाद्रपदात मिरजेस जे घडले त्या वेळी डोळ्यांनी त्यांना काही दिसत नव्हते. सहा मैलांवर त्यांचे जन्मगाव होते. शिरोड्याची ती शाळा मात्र आजही भरते.